पोटात गाठ निघालीय, आता कोणत्या क्रमाने काय करायचं

दुर्बिणीच्या तपासणीचा रिपोर्ट हातात घेऊन माणसं समोर बसतात आणि पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो, डॉक्टर ऑपरेशन उद्याच्या उद्या होईल का. मी पोटाच्या आणि आतड्याच्या गाठींची ऑपरेशनं करणाऱ्या टीममध्ये काम करतो, त्यामुळे ही घाई रोज बघतो आणि ती समजतेही, आत कॅन्सर आहे म्हटल्यावर तो एक दिवससुद्धा आत नको वाटतो. तरी मी प्रत्येकाला एकच सांगतो. गाठ कुठे आहे, कसली आहे आणि कुठवर गेलीय, ह्या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर येईपर्यंत ऑपरेशनची तारीख घेऊ नका. ह्याला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, आणि बहुतेक गाठी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं वाढत आलेल्या असतात, त्यामुळे त्या दोन-तीन आठवड्यांत नुकसान होत नाही. अर्धवट माहितीवर पोट उघडलं तर मात्र नुकसान होतं आणि ते नंतर भरून काढणं फार अवघड असतं. अपवाद तीनच, आतडं पूर्ण बंद झालंय, फुटलंय किंवा रक्त थांबतच नाहीये. तेव्हा आधी जीव वाचवायचा, बाकीचं नंतर.

आता मुळापासून सुरुवात करू, म्हणजे संशय कधी घ्यायचा.

पन्नाशीतले एक गृहस्थ आले होते, हिमोग्लोबिन ८. चार-पाच महिने लोहाच्या गोळ्या चालू, गोळ्या घेतल्या की आकडा जरा वर जायचा, बंद केल्या की परत खाली. पोटात दुखत नव्हतं, शौचाला नीट होत होती, रक्त कधी दिसलं नव्हतं, फक्त जिना चढला की दम लागायचा. कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून दुर्बीण, केली तर मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ. उजव्या बाजूला आतडं रुंद असतं आणि मळ तिथे पातळ असतो, त्यामुळे गाठ बरीच मोठी झाली तरी अडत काहीच नाही, फक्त रोज थोडं थोडं रक्त झिरपत राहतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पुरुषाला कुठल्याही वयात किंवा पाळी गेलेल्या बाईला लोह कमी पडून रक्त कमी झालं असेल, तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नका, वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी करायला सांगा. रक्त जातंय कुठे हे शोधायलाच हवं.

दुसरी फसवणारी गोष्ट म्हणजे मूळव्याध. शौचातून रक्त दिसलं की मूळव्याध असं धरून लोक वर्ष वर्ष मलम लावत बसतात, आणि मूळव्याध खरंच असतेही, पण तिच्या वर चार बोटांवर गाठ असू शकते. डॉक्टरने बोट घालून तपासणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे, खालच्या भागातल्या कितीतरी गाठी त्यातच हाताला लागतात, तेव्हा ही तपासणी लाजेखातर टाळू नका आणि डॉक्टरने केली नाही तर तुम्हीच आठवण करा. शौचाची सवय अचानक बदलून काही आठवडे तशीच राहिली, शौच डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, कावीळ झाली पण दुखत काहीच नाही, सहा महिन्यांत प्रयत्न न करता पाच टक्क्यांच्या वर वजन उतरलं, थोडं खाल्लं तरी पोट भरतंय, हे सगळं तपासून घ्यायचं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्यामुळे गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

गिळण्याच्या त्रासाचं मला जास्त वाईट वाटतं, कारण तो माणूस स्वतःच झाकून टाकतो. आधी कोरडा घास अडतो, मग तो पाण्याबरोबर ढकलायला लागतो, मग मऊ केलेलं खातो, मग पातळच, आणि प्रत्येक पायरीवर वाटतं की जमतंय की. तोवर काही महिने गेलेले असतात. घास अडतोय हे ज्या आठवड्यात जाणवलं त्याच आठवड्यात दुर्बिणीची वेळ घ्या. आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी बरं वाटलं म्हणजे काही नाही असं समजू नका, जठरातल्या कॅन्सरचा व्रणसुद्धा ह्या गोळ्यांनी काही काळ शांत पडतो. पन्नाशी-साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच अ‍ॅसिडिटी सुरू झाली असेल तर माझं मत स्पष्ट आहे, आधी दुर्बीण, मग गोळ्या.

दुर्बिणीची तयारी

वरची एंडोस्कोपी सोपी, उपाशीपोटी जायचं, पाच-दहा मिनिटांत होते. कोलोनोस्कोपीचं सगळं यश मात्र आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधावर असतं. औषध दोन भागांत घेतलेलं चांगलं, अर्धं आदल्या रात्री आणि अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी. शेवटी जे बाहेर पडेल ते लघवीसारखं पिवळसर आणि आरपार दिसणारं हवं, गढूळ येत असेल तर तिथल्या नर्सला आधीच सांगा, कारण मळ राहिला तर त्याच्या आड छोटी गाठ सहज लपते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, डायबेटिसची औषधं आणि किडनीचा त्रास ह्याबद्दल आधी विचारून घ्या, मनाने काही बंद करू नका.

तपासणी झाल्यावर डॉक्टरना तीन गोष्टी विचाराच. दुर्बीण मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीपर्यंत पोचली का? हे महत्त्वाचं, कारण मोठ्या आतड्यात एक गाठ असलेल्यांपैकी शंभरात तीन-पाच जणांना त्याच वेळी दुसरीकडेही गाठ असते. गाठीमुळे दुर्बीण पुढे गेली नसेल तर ते फाईलवर लिहून घ्या, म्हणजे ऑपरेशननंतर तीन-सहा महिन्यांत राहिलेलं आतडं बघायचं विसरत नाही. दुसरं, गाठीजवळ शाईची खूण केली का? हे ऐकायला किरकोळ वाटतं पण आम्हाला त्याची फार किंमत आहे. पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने ऑपरेशन करताना हाताला काही लागत नाही, बाहेरून आतडं सगळीकडे सारखंच गुलाबी दिसतं, आणि गाठ लहान असली तर ती नेमकी कुठे आहे हे त्या काळ्या-निळ्या डागावरूनच कळतं. खूण नसली की ऑपरेशन टेबलवर पेशंट झोपलेला असताना परत कोलोनोस्कोपी करायची वेळ येते. आणि तिसरं, गाठ रेक्टममध्ये, म्हणजे गुदद्वाराच्या लगेच वरच्या, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात असेल तर गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे? पुढचा अख्खा प्लॅन ह्या एका आकड्यावर फिरतो.

तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही

हा गैरसमज इतका खोल बसलाय की लोक बायोप्सीला नाही म्हणून घरी जातात. दुर्बिणीतून तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे घेतात, त्याने गाठ भडकत नाही की पसरत नाही, आणि त्या तुकड्यांशिवाय ही गाठ कुठल्या जातीची आहे हे कळायला मार्ग नाही. जठरातल्या संशयास्पद व्रणातून सहा ते आठ तुकडे घ्यावेत, एक-दोन घेतले तर नेमका कॅन्सरचा भाग सुटू शकतो. बायोप्सी निगेटिव्ह आली आणि दिसायला गाठ संशयास्पद असली तर परत तुकडे घ्यायचे, निगेटिव्ह कागद घेऊन निर्धास्त घरी जायचं नाही.

इथे एक वेगळी गाठ सांगायला हवी, जीस्ट. ही आतड्याच्या किंवा जठराच्या भिंतीच्या आतल्या थरातून उगवते आणि वरचं अस्तर नीट शाबूत असतं, त्यामुळे वरवर घेतलेल्या तुकड्यात काही येतच नाही. तिच्यासाठी एंडोस्कोपिक सोनोग्राफी लागते, म्हणजे दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी आणि तिथूनच बारीक सुई घालून पेशी काढायच्या. बहुतेक जीस्टमध्ये किट नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो, हे १९९८ साली जपानी संशोधकांनी दाखवलं आणि त्यामुळेच इमॅटिनिब ही गोळी तिच्यावर चालते हे पुढे लक्षात आलं. मात्र जीस्ट किंवा स्वादुपिंडाची गाठ स्कॅनवर स्पष्ट दिसत असेल आणि सरळ काढता येण्यासारखी असेल तर कधी कधी बायोप्सी न करताच ऑपरेशन करतात, हे बरोबर आहे, तेव्हा तसं सांगितलं म्हणून घाबरू नका. फक्त असं का हे विचारून घ्या.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये अ‍ॅडिनोकार्सिनोमा, स्क्वेमस, न्यूरोएंडोक्राइन, लिम्फोमा असे शब्द येतील आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा. जठरातल्या लिम्फोमाला तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागतच नाही. मोठ्या आतड्याची गाठ असेल तर एमएमआर किंवा एमएसआयची तपासणी झाली का बघा, म्हणजे पेशींची डीएनएतल्या चुका दुरुस्त करायची यंत्रणा बिघडलीय का हे, आणि जठराची पसरलेली असेल तर हर-टू ह्या प्रथिनाची. आणि तुकडे ज्यात जपतात ते मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाईड सांभाळून ठेवा, दुसरं मत घ्यायला जाताना नुसता कागद पुरत नाही.

गाठ कुठवर गेलीय

छाती, पोट आणि ओटीपोट ह्यांचा काँट्रास्ट घालून केलेला सीटी स्कॅन हा पाया. आधी क्रिएटिनिन बघतात कारण काँट्रास्टचा भार किडनीवर पडू शकतो. पोटाच्या गाठीला छाती कशाला असं लोक विचारतात, तर पसरायची नेहमीची ठिकाणं लिव्हर आणि फुफ्फुस हीच आहेत. रिपोर्टच्या कागदाबरोबर स्कॅनची सीडीही आणा, सर्जनला स्वतःच्या डोळ्यांनी रक्तवाहिन्या बघायच्या असतात.

त्यापुढे जागेप्रमाणे. रेक्टमला एमआरआय हवाच, कारण गाठ आणि तिच्याभोवतीचं चरबीचं आवरण ह्यात किती मिलिमीटर अंतर उरलंय हे त्यावरच नीट दिसतं. अन्ननलिकेला पेट स्कॅन आणि गरजेप्रमाणे आतली सोनोग्राफी. जठराच्या खोल गेलेल्या गाठीला आधी छोटी लॅप्रोस्कोपी, म्हणजे नुसतं आत डोकावून बघणं, कारण पोटाच्या आतल्या पडद्यावर पडलेले एक-दोन मिलिमीटरचे दाणे सीटीत दिसत नाहीत. ही पायरी कंटाळून गाळू नका. मोठा छेद घेतल्यावर दाणे सापडले तर माणसाला ऑपरेशनचा सगळा त्रास होतो आणि हाती काही लागत नाही, शिवाय ज्या केमोची खरी गरज होती ती महिनाभर लांबते.

सीईए म्हणजे काही गाठींमुळे रक्तात वाढणारं एक प्रथिन, पण त्याच्या तपासणीवरून कॅन्सर आहे की नाही हे ठरत नाही. ती नॉर्मल असून गाठ असू शकते आणि सिगरेट ओढणाऱ्यांत गाठ नसताना वाढलेली असू शकते. पण ऑपरेशनच्या आधी एकदा करून ठेवा, पुढे तुलनेला तोच आकडा लागतो.

एक गोष्ट मी कागदावर चित्र काढूनच समजावतो. आतड्याची भिंत म्हणजे एकावर एक चार थर, आत नाजूक अस्तर, मग एक मऊ थर, मग स्नायू आणि बाहेरचं आवरण. गाठ किती सेंटिमीटर मोठी आहे ह्यापेक्षा ती ह्यातल्या कितव्या थरापर्यंत घुसलीय ह्यावर रिपोर्टमधला टी ठरतो. एन म्हणजे जवळच्या लिम्फच्या गाठींत, म्हणजे प्रत्येकाच्या शरीरात असणाऱ्या बारीक गाळण्यांत, गेलीय का, एम म्हणजे लांब गेलीय का. त्यामुळे पाच सेंटिमीटरची गाठ पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातली असू शकते आणि दोन सेंटिमीटरची तिसऱ्या. जीस्टचा हिशोब उलटा, तिथे आकार आणि पेशी किती वेगाने दुभंगतायत हेच मोजतात.

आधी ऑपरेशन की आधी औषध

हा निर्णय एकट्या सर्जनचा नको, माझाही नको. सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात, तुमची केस तिथे गेली का हे सरळ विचारा, कुणी राग मानणार नाही.

ढोबळ चित्र असं. मोठ्या आतड्याची गाठ बहुतेक वेळा आधी काढतात. जठराची गाठ खोल गेली असेल तर आधी चार केमो, मग ऑपरेशन, मग परत चार. अन्ननलिकेच्या बऱ्याच गाठींत आधी केमो, किंवा केमो आणि रेडिएशन. रेक्टमच्या खालच्या आणि पुढे गेलेल्या गाठींत आधी रेडिएशन, आणि त्यातल्या काही जणांची गाठ इतकी विरघळते की ऑपरेशन न करता दर काही महिन्यांनी बारकाईने बघत राहता येतं, ही पद्धत ब्राझीलच्या सर्जन अँजेलिटा हाब्र-गामा ह्यांनी रुजवली. वर एमएमआरची तपासणी म्हटली ना, तिचं मोल इथे कळतं. तो दोष असलेल्या रेक्टमच्या गाठींवर नुसती इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती गाठीवर सोडणारं औषध, दिली आणि २०२२ साली छापलेल्या अभ्यासात पहिल्या बाराच्या बारा पेशंटची गाठ नाहीशी झाली होती. म्हणजे एक तपासणी राहून गेली असती तर ह्या माणसांचं रेक्टम काढलं गेलं असतं. आणि गाठ अगदी अस्तरातच असेल तर दुर्बिणीतूनच सोलून काढता येते, पोटावर एकही छेद नाही.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय काढतात

नुसती गाठ काढून भागत नाही. त्या भागाला रक्त पुरवणारी नस तिच्या मुळाशी बांधायची आणि त्या नसेभोवतीच्या लिम्फच्या गाठी एकसंध तुकड्यात बाहेर काढायच्या, कारण पेशी प्रवास करतात तो ह्याच वाटेने. सुरुवातीच्या त्या गृहस्थांसारख्या उजव्या बाजूच्या गाठीत साधारण उजवं अर्धं मोठं आतडं आणि लहान आतड्याचं टोक निघतं आणि उरलेली टोकं जोडतात, आतडं पुरेसं लांब असल्यामुळे रोजच्या जगण्यात फारसा फरक पडत नाही. पॅथॉलॉजीत निदान १२ लिम्फच्या गाठी तपासलेल्या हव्यात, जठरात १६, कमी निघाल्या तर टप्पा खात्रीने सांगता येत नाही. रेक्टममध्ये भोवतीचं चरबीचं आवरण न फाटता अख्खं काढायचं, ब्रिटिश सर्जन बिल हील्ड ह्यांनी १९८२ मध्ये हे मांडलं आणि त्याच जागी परत गाठ येण्याचं प्रमाण खूपच उतरलं. जीस्टमध्ये लिम्फच्या गाठी सहसा काढाव्या लागत नाहीत, पण गाठीचं कवच फुटता कामा नये, फुटलं तर पेशी पोटभर सांडतात. अन्ननलिका काढली तर जठराचीच नळी करून छातीत वर ओढतात, पूर्ण जठर काढलं तर अन्ननलिका सरळ लहान आतड्याला जोडतात.

ओपन की लॅप्रोस्कोपी की रोबो, ह्यावर लोक फार अडकतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ओपन आणि लॅप्रोस्कोपीने आयुष्य सारखंच मिळतं हे मोठ्या अभ्यासांतून दिसलंय, लॅप्रोस्कोपीत दुखणं कमी आणि उठणं लवकर. त्यापेक्षा ह्या जागेची किती ऑपरेशनं तुम्ही वर्षाला करता हा प्रश्न विचारा, खास करून अन्ननलिका आणि स्वादुपिंडासाठी, तिथे जास्त केसेस होणाऱ्या ठिकाणी मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी असतं.

तारखेपर्यंत घरी काय करायचं

सिगरेट-तंबाखू आजच बंद, निदान चार आठवडे मिळायला हवेत. रोज चाला, जिने चढा. रक्त कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं. वजन उतरलं असेल तर प्रोटीन वाढवा, वजनाच्या दर किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम, किडनीचा त्रास असेल तर आधी विचारून, आणि खाणं जातच नसेल तर नळीने पोषण द्यायला घाबरू नका. साधं पाणी बहुतेकांना भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, जड खाणं सहा-आठ तास आधी बंद, पण गाठीने अडथळा असेल तर हे नियम बदलतात.

स्टोमा बॅगची, म्हणजे आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून शौच पिशवीत घ्यायची, शक्यता असेल तर तिची जागा ऑपरेशनच्या आधी, तुम्ही जागे असताना ठरवून घ्या. नर्स तुम्हाला बसवते, उभं करते, वाकायला लावते, पट्टा कुठे येतो आणि पोटाची घडी कुठे पडते ते बघते आणि पेनाने ठिपका काढते. दहा मिनिटांचं काम, पण ते नाही केलं आणि बॅग घडीत आली तर ती रोज गळते आणि माणूस घराबाहेर पडायचा बंद होतो. हा ठिपका स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतोय ना, हेही तपासा.

ऑपरेशननंतर

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बसवतील, चालवतील, छोटे बॉल असलेल्या यंत्रावर श्वासाचा व्यायाम करायला लावतील. दुखतं म्हणून टाळू नका, दुखण्याचं औषध मागा आणि चाला. सगळ्यात जपायचं ते आतड्याचा जोड सुटण्याला, साधारण तिसऱ्या ते आठव्या दिवसात. ताप, नाडी जलद, पोट फुगणं, बरं वाटत असताना अचानक मलूल होणं, ह्यातलं काहीही घरी गेल्यावर झालं तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल. पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून इंजेक्शनं चार आठवडे देतात, घरी आल्यावर ती अर्ध्यात सोडू नका. लहान आतड्याची बॅग असेल तर एक तृतीयांश भरली की रिकामी करा, आणि दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं तर लगेच कळवा, किडनीला पाणी कमी पडतं.

पूर्ण जठर काढलेल्यांना बी-१२ ची इंजेक्शनं कायमची. खाणं थोडं थोडं सहा वेळा, जेवताना पाणी नको, गोड कमी, नाहीतर खाल्ल्यावर अर्ध्या तासात धडधड, घाम, जुलाब असं होतं. खालच्या रेक्टमचं ऑपरेशन झालेल्यांना सुरुवातीला दिवसातून अनेकदा जावं लागतं आणि ते सुधारायला वर्ष-दोन वर्षं लागतात, हे आधी सांगितलेलं नसलं की माणूस खचतो, म्हणून इथे लिहितोय.

फायनल पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये आर-शून्य लिहिलंय का बघा, म्हणजे कडेला कॅन्सर उरला नाही. मोठ्या आतड्यात लिम्फच्या गाठी पॉझिटिव्ह आल्या तर केमो लागते आणि ती सहा-आठ आठवड्यांत सुरू व्हायला हवी, टाके भरले की लगेच ती अपॉइंटमेंट घ्या. पुढे मोठ्या आतड्यासाठी पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सीईए, ठरल्याप्रमाणे सीटी, आणि एका वर्षाने कोलोनोस्कोपी.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर साठीच्या आत निघाला असेल तर सख्ख्या भावंडांना आणि मुलांना चाळिशीला कोलोनोस्कोपी करायला सांगा, किंवा तुमचं निदान ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधी, ह्यातलं जे लवकर येईल ते. एमएमआरचा रिपोर्ट सदोष असेल तर त्याहून लवकर आणि जेनेटिक तपासणीसह. त्यांना फोन करताना तुमच्या पॅथॉलॉजी रिपोर्टचा फोटोही पाठवा, त्यांच्या डॉक्टरला तोच लागणार आहे.